माय असलेली लेकरं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

तायांनो, मावश्यांनो, दुपारची वेळ आहे. कुणी भाकरी खाऊन जरा टेकली असेल, कुणी कापूस वेचता वेचता मोबाइलवर ऐकत असेल, कुणाची शिलाई मशीन चालू असेल. काम चालू ठेवा, कान इकडं असू द्या.

आज बचतीचं, कर्जाचं, शेळीपालनाचं बोलायचं नाही. आज आमच्या लहानपणाबद्दल बोलायचं आहे. माईकसमोर एकच जण बसली आहे, पण बोलणं दोघींचं आहे. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. थोरली आठ वर्षांची आणि धाकटी पाच वर्षांची असताना आम्ही बालगृहात गेलो, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत तिथंच वाढलो. धाकटी आता दुसऱ्या गावी असते. काय काय बोलायचं ते काल रात्री तिनं फोनवर सांगितलं, आणि काय बोलायचं नाही तेही सांगितलं. समूहाच्या कामानिमित्त आम्ही इतकी वर्षं गावोगाव फिरतो, पण ही गोष्ट फारशी कुणाला सांगितली नव्हती. यंदा सांगावी लागली. का, ते पुढं येईलच.

आमचं गाव परतूर तालुक्यातलं. बाप विहिरीच्या कामावर जायचा. एका उन्हाळ्यात दरड कोसळली आणि त्यात तो गेला. माय तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांची. जमीन आजोबांच्या नावावर. तेरावं झालं आणि घरात चुलीवरून भांडणं सुरू झाली. दोन्ही लेकी, मुलगा नाही, त्यामुळं आमची जबाबदारी घ्यायला कुणी पुढं आलं नाही. शेवटी मामानं मायला सोबत घेतलं. बहीण-भावाचा मिळून एक कोयता झाला. मुकादमाची उचल घेतली आणि दिवाळी झाल्यावर टोळी सांगली-कोल्हापूरकडं निघाली.

ऊसतोड काय असते ते आपल्या जालना जिल्ह्यातल्या बाईला सांगायला नको. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठल्याही गावात दिवाळीनंतर जा, निम्म्या घरांना कुलूप आणि ओट्यावर म्हातारी माणसं. पहिल्या हंगामाला आम्हीही सोबत गेलो. पाचटाचं खोपट, रात्री उठून फडावर जाणं, लेकरू पाचटावर निजवून वर गोधडी टाकणं. एके पहाटे धाकटी झोपेत सरकत सरकत गाडीवाटेवर गेली. बैलगाडीचं चाक तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेलं. त्या दिवशी मायनं कोयता हातात धरला नाही. एक खाडा झाला, त्याचे पैसे कापले गेले. त्या हंगामात शाळा तर गेलीच होती.

पाडव्यानंतर गावी आलो. शाळेतल्या गुरुजींनी मायला सांगितलं की शहरात बालगृह असतं, तिथं राहणं, जेवण, शाळा सगळं फुकट. मायनं दोन महिने विचार केला. पावसाळा सुरू झाल्यावर एक दिवस तिनं आम्हाला न्हाऊ घातलं, तेल लावून घट्ट वेण्या घातल्या, आणि परतूर स्टेशनवरून आम्ही गाडीत बसलो. एका पिशवीत दोन-दोन फ्रॉक, एक गोधडी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आम्हाला वाटलं जत्रेला निघालो.

एका ऑफिसात चार-पाच मोठी माणसं बसली होती. त्यांनी नावं विचारली, वय विचारलं, बापाचं विचारलं. मायनं कागदावर अंगठा दिला. मग एक मोठी इमारत, लोखंडी फाटक, आत पायऱ्या. माय म्हणाली, “हिथं बसा. मी दवाखान्यातून जाऊन येते. संध्याकाळी येते.”

ती गेली. संध्याकाळ झाली. माय आली नाही.

तायांनो, बालगृहातली मारझोड, उपासमार अशा गोष्टी पेपरात येतात. आमच्या बालगृहात तसं काही नव्हतं. दोन वेळचं जेवण होतं, डोक्यावर पक्कं छत होतं. तरी आम्हाला आठवतं ते ती पायरी. थोरली दोन-चार दिवसांत समजली की माय आज यायची नाही. धाकटी समजली नाही. ती रोज शाळेतून आली की त्या पायरीवर जाऊन बसायची. दिवेलागण झाली की मावशी तिला उचलून आत आणायच्या. असं किती महिने चाललं ते आता नेमकं आठवत नाही, पण दिवाळीपर्यंत तरी चाललं.

आता तिथलं राहणं कसं होतं ते सांगतो.

पहाटे पाचला घंटा. आंघोळीला रांग, प्रार्थनेला रांग, जेवणाला रांग. प्रत्येकीची एक पत्र्याची पेटी, तिला कुलूप, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. त्या पेटीत आमचं सगळं जग. चिंचेचे चिंचोके, बांगडीचे तुकडे, मायच्या लुगड्याची एक चिंधी. कपड्यांवर शाईनं नंबर लिहिलेले असायचे. पंचवीस नंबर आणि सव्वीस नंबर. धुण्यात कपडे मिसळू नयेत म्हणून नंबर, त्यात वाईट काही नव्हतं. पण मावशी हाक मारतानाही कधी कधी “ए पंचवीस” म्हणायच्या आणि आम्हीही ओ द्यायचो.

चांगलं पुष्कळ मिळालं. पोटभर भात मिळाला, जो घरी सणालाच शिजायचा. शाळा एक दिवस बुडाली नाही. अधीक्षिका बाई कडक होत्या, पण अभ्यासाला रोज रात्री स्वतः बसायच्या. त्यांच्यामुळं दहावी झाली, पुढं बी. ए. झालं. स्वयंपाकाच्या मावशी विधवा होत्या, त्यांचा मुलगा गावी होता. धाकटीला रात्री अंथरूण ओलं व्हायची सवय लागली होती. इतर मुली हसतील म्हणून थोरली पहाटे उठून चादर बदलायची. मावशींनी एकदा ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पेटीवर एक जास्तीची धुतलेली चादर घडी करून ठेवलेली असायची. अठरा वर्षांपर्यंत आम्ही जे माणूस म्हणून वाढलो त्यात त्या चादरीचा वाटा आहे.

मैत्रिणी तर बहिणींपेक्षा जवळच्या झाल्या. एकीला ताप आला तर दहा जणी जाग्या. एकीला शाळेत कुणी “अनाथालयातली” म्हटलं तर सगळ्या मिळून भांडायला.

आणि इथंच ती गोष्ट येते जी आज सांगायची आहे. त्या मैत्रिणींमध्ये खऱ्या अर्थानं अनाथ किती होत्या? आम्ही दोघी काल फोनवर एकेकीचं नाव आठवत होतो. आई-बाप दोन्ही नाहीत अशा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. बाकीच्या आमच्यासारख्या. कुणाचा बाप गेलेला, कुणाच्या मायला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाचा बाप दारूत बुडालेला, कुणाची माय आजारी. म्हणजे घरात माय होती, आजी होती, मावशी होती. नव्हतं ते धान्य आणि लेकराकडं पाहायला दिवसभराचं माणूस. पण फाटकाबाहेर सगळ्या आम्हाला अनाथच म्हणत.

वाढदिवस, पुण्यतिथी, सणवार असला की दानशूर माणसं यायची. केळी, बिस्किटं, वह्या आणायची. आम्ही रांगेत उभ्या राहून गाणं म्हणायचो, मग फोटो. एकदा एका बाईंनी धाकटीला जवळ घेतलं आणि विचारलं, “बाळा, तुला आई-बाबा नाहीत ना?” धाकटी म्हणाली, “माय हाय. ऊस तोडाया गेली.” त्या बाई गोंधळल्या. पाहुणे गेल्यावर आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि समजावलं, की असं बोलू नये, लोकांना वाईट वाटतं, मग ते येत नाहीत. कुणी मारलं नाही, ओरडलंही नाही. पण त्या दिवसापासून आम्ही मायचं नाव लोकांसमोर काढायचं बंद केलं. शाळेत कुणी विचारलं तर मान खाली घालायची. माय जिवंत असून आम्ही तिला तोंडानं मारून टाकलं, असं आता वाटतं.

माय यायची का? यायची. पहिल्या वर्षी दोनदा आली. महिन्यातल्या एका रविवारी भेट असायची. हंगामात ती कारखान्यावर, तिथून येणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार आणि भाड्याचे पैसे वेगळे. पहिल्यांदा आली तेव्हा उवा झाल्या म्हणून आम्हा सगळ्या मुलींचे केस बारीक कापलेले होते. अंगावर सारखे फ्रॉक. वीस-पंचवीस मुली रांगेत उभ्या. माय फाटकातून आत आली, रांगेवरून नजर फिरवली, आणि आमच्यावरून पुढं गेली. तिनं आम्हाला ओळखलं नाही. धाकटी धावत जाऊन पायाला बिलगली तेव्हा तिला कळलं. ती खाली बसली आणि आमच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, एक शब्द बोलली नाही. जाताना मावशींना म्हणाली, “वेण्या घालून आणल्या व्हत्या.”

मग भेटी कमी होत गेल्या. गुरुजी तिच्या वतीनं आंतरदेशीय पत्र लिहायचे, त्यांची बदली झाली तशी पत्रंही थांबली. आम्ही लिहिलेलं पत्र गावच्या घराला कुलूप म्हणून परत यायचं. आम्हाला राग यायला लागला. माय आपल्याला विसरली, तिला आपण नको झालो, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. रागात एक बरं असतं, वाट पाहावी लागत नाही.

थोरलीची अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा दाखले, एक पिशवी आणि थोडे पैसे देऊन निरोप दिला. पुढं कुठं, असं विचारल्यावर महिलांच्या राज्यगृहाचं नाव सांगितलं. एका मावशींनी हट्टानं गावी फोन लावून शोध घेतला. माय स्टेशनवर आली होती. दहा वर्षांनी एका घरात झोपलो. सकाळी पाचला आपोआप जाग आली. जेवण घाईघाईत व्हायचं, ताट लगेच घासून पालथं घालायचं, काही हवं असलं तर विचारून घ्यायचं. चार दिवसांनी माय रडायला लागली. म्हणाली, “पाव्हणीसारखी ऱ्हाती. घर हाय तुझं.” पण घर कसं वापरायचं तेच आम्ही विसरलो होतो. तीन वर्षांनी धाकटी आली, तिचंही तेच.

बऱ्याच वर्षांनी विचारलं मायला. तू संध्याकाळी येते म्हणून का सांगितलंस? ती म्हणाली, “खरं सांगितलं असतं तर तुम्ही सोडलं नसतं मला. अन् मीबी तुम्हाला.”

आता जरा मागचा इतिहास पाहू, म्हणजे बालगृहांकडं आपण नीट नजरेनं पाहू शकू.

निराधार लेकरांना आसरा देणं ही आपल्या महाराष्ट्राची जुनी पुण्याई आहे. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवा बाया जीव द्यायच्या किंवा बाळाचा जीव घ्यायच्या, त्यांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, हवं तर बाळ तिथं ठेवून जावं, अशी ती सोय होती. १८७५ च्या सुमाराला पंढरपुरातही असाच आश्रम सुरू झाला. आपल्या मराठवाड्यातलं जवळचं उदाहरण म्हणजे किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं मातीखाली गेली. तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. सिंधुताई सपकाळ, आपल्या माई, त्यांनी किती लेकरं सांभाळली ते सगळ्यांना ठाऊक आहे. ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या तेव्हा आम्ही दोघी घरातलं माणूस गेल्यासारख्या रडलो.

पण सावित्रीबाईंची एक गोष्ट ध्यानात घ्या. काशीबाई नावाच्या एका विधवा बाईला त्यांनी आसरा दिला. तिला १८७४ मध्ये मुलगा झाला. त्या मुलाला सावित्रीबाई आणि जोतिरावांनी स्वतःच्या घरात घेतलं, दत्तक घेतलं, यशवंत नाव ठेवलं. तो पुढं डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा यशवंत रोग्यांवर उपचार करत होता आणि सावित्रीबाई रोगी उचलून आणत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. म्हणजे त्यांनी त्या लेकराला आसरा दिला, आणि घरही दिलं.

आता यंदाची गोष्ट. आमच्या एका समूहात एक तरुण बाई आहे. नाव, गाव सांगत नाही. नवरा वारला, तीन लेकरं, मोठी मुलगी नऊ वर्षांची. मासिक बैठकीत तिनं हळूच विचारलं, “ताई, पोरांना बालगृहात टाकायचं हाय. सरपंचांची सही कुठं लागती?” सगळ्या बाया म्हणाल्या, चांगलं आहे, शिकतील तरी. आम्ही गप्प बसलो. बैठक संपली, रजिस्टर मिटलं, बाया चपला घालायला लागल्या. मग म्हटलं, जरा बसा. आणि आता तुम्हाला जे सांगितलं ते पहिल्यांदा त्या ओसरीवर सांगितलं. पायरीचं सांगितलं. केसांचं सांगितलं. ती बाई पदर तोंडाला लावून बसली होती. म्हणाली, “मंग मी काय करू? घरी ठिवून उपाशी मारू?”

तिचा प्रश्न खरा होता. नुसतं “लेकरू तोडू नको” म्हणणं सोपं आहे. त्या सल्ल्यात दाणे नसतात. म्हणून तिच्यासाठी आम्ही जे केलं ते तुम्हाला नीट सांगतो.

बालसंगोपन योजना नावाची सरकारची योजना आहे. लेकरू संस्थेत न पाठवता घरीच, नात्यातच वाढावं म्हणून दरमहा पैसे मिळतात. बाप किंवा माय वारलेली, घटस्फोट झालेला, माय टाकलेली, आई-बाप तुरुंगात किंवा मोठ्या आजारात, अशा घरातल्या अठरा वर्षांखालच्या लेकरांसाठी ती आहे. एके काळी महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, आणि २०२३ पासून एका लेकरामागं २२५० रुपये आहेत. तिचं आताचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. यशवंतच्या मायचं नाव. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्येही प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४००० रुपयांची मदत आहे. तिला उत्पन्नाची अट आहे, गावाकडं वर्षाला ७२ हजारांपर्यंत.

ही योजना नवीन नाही बरं का. आमच्या मायनं अंगठा दिला त्या काळातही बालसंगोपन होतं. पैसे कमी होते, पण होते. तिला सांगणारं कुणी नव्हतं. गुरुजींना ठाऊक नव्हतं, गावाला ठाऊक नव्हतं. हे आम्हाला कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. नवऱ्याचा मृत्यू दाखला, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, लेकराचा जन्मदाखला आणि शाळेचा बोनाफाईड, बँकेचं खातं, फोटो. मग घरी येऊन चौकशी होते, आणि बाल कल्याण समिती आदेश देते. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. कागद जमवायला दोन महिने गेले. कारण नवऱ्याच्या मृत्यू दाखल्यावर नाव वेगळं, आधारवर वेगळं. पुढं चार महिने चकरा झाल्या. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. प्रत्येक वेळी समूहातली एक बाई तिच्यासोबत गेली. एकटी गेली की बाई परत येते, दोघी गेल्या की काम करून येतात.

मधल्या काळात पोट कसं भरायचं? समूहानं अंतर्गत कर्ज दिलं, परतफेड पैसे सुरू झाल्यावर. एकीनं सकाळचं दूध दिलं. हंगाम आला तेव्हा ती टोळीत गेली नाही, गावातच कापूस वेचला. आपल्या भागात ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृहं चालवली जातात. लेकरू गावात, आजीजवळ राहतं, तिथं जेवतं आणि शाळा बुडत नाही. ज्या बायांना जाणं भागच आहे त्यांनी दिवाळीआधी मुख्याध्यापकांना विचारावं.

सहा महिन्यांनी खात्यात पैसे आले. तिन्ही लेकरं घरी आहेत. मोठी मुलगी बैठकीला मायसोबत येते आणि आमच्या रजिस्टरमधल्या बेरजा तपासते.

आता उलट बाजू. बालगृह नकोच, असं आम्ही म्हणत नाही. ज्या घरात मारहाण आहे, जिथं मुलीवर वाईट नजर आहे, जिथं तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न लावायची तयारी चालू आहे, तिथून लेकराला काढावंच लागतं. आमच्या एका मैत्रिणीला मांडवातून सोडवून आणलं होतं. तिच्यासाठी ते फाटक म्हणजे देऊळ होतं. असं काही दिसलं तर १०९८ हा नंबर लावा. फुकट आहे, दिवस-रात्र चालतो. २०१५ चा बाल न्याय कायदाही हेच सांगतो, की लेकराला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. शेवटचा म्हणजे आधीचे सगळे करून झाल्यावरचा.

आणि पाठवावंच लागलं, तर चार गोष्टी पाळा.

पहिली, बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय कुठल्याही आश्रमात, कुणाच्याही ओळखीनं लेकरू देऊ नका. संस्था नोंदणी असलेली आहे का ते विचारा. आदेशाची प्रत आपल्याजवळ ठेवा.

दुसरी, अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्या. काही काळ ठेवण्याचा कागद वेगळा आणि लेकरू कायमचं सोडून देण्याचा कागद वेगळा. सोडून देण्याचा कागद झाला तरी कायद्यानं दोन महिने फेरविचाराला असतात. हे मायला कुणीतरी सांगायला हवं. ते कुणीतरी म्हणजे आपण.

तिसरी, भेट तोडू नका. मायला जमत नसेल तर समूहातली एखादी जाऊ शकते. फोन लावू शकते, मायचा आवाज ऐकवू शकते. आमच्या वेळी समूहातल्या दोन बाया जरी आल्या असत्या, तरी आम्ही त्या रागात दहा वर्षं काढली नसती. फोटो सोबत द्या, मायचा आणि घराचा.

चौथी आणि आमच्या मते सगळ्यात मोठी. लेकराला खरं सांगा. “मी तुला इथं ठेवून जाते आहे. का ठेवते ते हे आहे. मी अमक्या दिवशी येईन.” लेकरू रडेल, पदर धरेल, तुमचं काळीज फाटेल. तरी सांगा. रडून झालं की लेकरू जेवतं, झोपतं, आणि त्या दिवसाची वाट पाहतं. खोटं सांगितलेलं लेकरू पायरीवर बसतं.

आपली माय आता साठीकडं झुकली आहे. गुडघे दुखतात, कोयता सुटला. हे भाषण करू का, असं तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “कर. पर मला वाईट म्हनू नगं.” माये, तू ऐकत असशील. तुला कुणी वाईट म्हणत नाही. तुझ्या हाताला तेव्हा दुसरा हात लागला असता, तर वेण्या तुझ्याच हातच्या राहिल्या असत्या, एवढंच आमचं म्हणणं आहे.

तायांनो, प्रत्येक ग्रामपंचायतीत ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. तिची बैठक कधी झाली ते जाऊन विचारा. आणि तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत बचत जमा झाल्यावर, रजिस्टर मिटण्याआधी एक प्रश्न घ्या. आपल्या गावात एकट्या मायची लेकरं किती, आणि त्यांपैकी कुणाचा अर्ज अजून भरलेला नाही? नावं लिहून काढा. पहिल्या नावापासून सुरुवात करा, आणि तिच्यासोबत दोघी जणी जा.